डिमेलो मिसनं दिलेली डबी

काय गं बयो, शारजाहून इकडे दुबईत, अल कुसैसला यायला तुला आता व्हिसा लागतो का? ट्रॅफिकचं कारण मला सांगू नकोस. तीस वर्षं तोच ट्रॅफिक मीही बघतेय. फोनवर तेवढं "येते हं, इन्शाल्ला" — आणि तुझं इन्शाल्ला म्हणजे खलास, येत नाहीस, हे मला कळत नाही होय? बरं, असू दे. तू येत नाहीस म्हणून लिहितेय. शिक्षण माझं दहावीपर्यंत, पुढचं सगळं इकडचं तिकडचं वाचून. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नकोस. नुसतं वाच.

हे मी पंधरा वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. ह्यांना नाही, माझ्या बहिणीला नाही. देवासमोर हात जोडायचे तेव्हासुद्धा हे जरा बाजूला सारून जोडायचे. तुला सांगतेय ती दुसऱ्यांदा. पहिल्यांदा कुणाला सांगितलं — ते येईल ओघात. कुठून सुरू करू तेच कळत नाहीये बघ. केसांपासूनच करते.

फेब्रुवारीत आमच्या केतकीनं केस कापले. तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा पाठीवर सरळसोट पडदा होता ना? तो गेला. अबू धाबीहून, तिच्या त्या अल रीमवरून, शनिवारी आली ती टोपी घालून. दारातच काढली टोपी, आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. कानाच्या वर, चार-पाच बोटांचे केस — आणि सगळे कुरळे. वळ्यावळ्यांचे. सात-आठ महिने तिनं मुळाशी वाढू दिले होते आणि खालचा सरळ केलेला सगळा भाग कापून टाकला होता. सत्तावीस वर्षांची बाई ती, आणि मला सातवीतली पोर दिसली. माझ्या तोंडात आलंच होतं काहीतरी. गिळलं. "छान दिसतंय" म्हणाले. ती म्हणाली, "आई, यू डोन्ट हॅव टू लाय." हसत म्हणाली गं. पण तो शब्द मला कुठे लागला असेल, सांग?

मग सुरू झालं त्या केसांना काय लावायचं ते. तुला सांगते, त्यापेक्षा स्वयंपाकघर चालवणं सोपं. इतकी वर्षं पुन्हापुन्हा औषधानं सरळ केलेले केस मूळचे वाढायला लागले की त्यांना म्हणे सारखी तहान लागते. त्यात इथलं नळाचं पाणी, चोवीस तास एसी, बाहेरचं ऊन. केतकीनं माझ्या टेबलावर ग्लासात पाणी घेऊन स्वतःचा एक केस त्यात सोडला — बुडतो की तरंगतो ते बघायला. तरंगला. म्हणजे पाणी आत शिरायला वेळ लागतो, म्हणून जड क्रीम नको, पातळ हवं. मी चष्मा लावून बाटल्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचायला शिकले. ग्लिसरीन कितव्या नंबरवर आहे, सिलिकॉन आहे का, शिया बटर फार नाही ना. ती फोनवर फोटो पाठवायची, मी उत्तर द्यायची — ही नको, हिच्यात स्पिरिट आहे. पंधरा वर्षांत माझ्या लेकीनं मला इतक्या गोष्टी विचारल्या नव्हत्या. मला सुख वाटत होतं गं. त्या सुखाची लाजही वाटत होती.

एका शनिवारी आम्ही दोघी इथल्याच एका दुकानात गेलो, नुसतं केसांचंच सामान विकतात तिथे. दुकानातली बाई सुदानची, गोल चेहऱ्याची, डोक्यावर फिक्या रंगाची ओढणी. माझ्याशी अशी हिंदी बोलली की आमच्या ह्यांना लाजवेल. केतकी बाटल्या उघडून माझ्या नाकाशी धरत होती. "वास तू सांग. कोकोनट असेल तर नको. कोकोनट आला की मला तुझी वेणी आठवते, डोकं दुखतं." मी हसले. तिला आठवत होतं ते खरंच होतं. दर सुट्टीला खोबरेल कोमट करून कोरड्या केसांत चोपडायचं आणि बारीक दातांच्या फणीनं ओढ ओढ ओढायचं. ती किंचाळायची आणि मी म्हणायची, केस आहेत की काथ्या. माझ्या आईनं माझे तसेच केले होते, मीही तेच. तेल लावलं म्हणजे केसांना सगळं मिळालं असं आपण समजतो ना? ती सुदानची बाई मला म्हणाली, "मम्मा, तेल पानी नहीं है. पहले पानी, गीले बाल में क्रीम, तेल सबसे बाद में. तेल सिर्फ दरवाज़ा बंद करता है."

गीले बाल में क्रीम.

हे वाक्य मी पूर्वी वाचलं होतं. मराठीत, शाईनं लिहिलेलं.

आणि केतकी, हातात एक बाटली खालीवर करत, सहज बोलली, "डिमेलो मिस भेटली ना कधी, तर तिला हे डोकं दाखवणार आहे मी. लुक, मिस. दिस इज हाऊ आय केम." आवाज हलका होता. पण तोंड — तोंड तेच, बारा वर्षांचं. मी काय केलं असेल? "ही घे, हिला वास नाही," म्हणाले. पंच्याऐंशी दिरहॅम, म्हणजे आपले दोन हजार रुपये एका बाटलीला, यावर थोडी कुरकूरसुद्धा केली. बघ, तेवढं सुचलं मला.

आता डिमेलो मिसचं सांगते.

वसईच्या. केतकीच्या शाळेत गाणं शिकवायच्या, मुलांचा कोरस बसवायच्या. शाळेच्या गेटवर मला बघून मराठीत बोलायच्या. आपलं कुणी भेटलं की कसं वाटतं तुला माहीत आहे. त्यांचेही केस कुरळे, डोक्याभोवती असे फुललेले. केतकीला पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "तुझे नि माझे केस एकाच दुकानातून आणलेत हां, कुणाला सांगू नको." पोरगी घरी येऊन तीन दिवस तेच बोलत होती. मिस म्हणतात हळू गा, की हळू. मिस म्हणतात दही खायचं नाही, की नाही. माझं एक ऐकायची नाही, मिसचं सगळं ऐकायची.

केतकी सातवीत होती त्या वर्षी गणपतीला आपल्या लोकांचा कार्यक्रम होता हॉलमध्ये. केतकी आरतीला पुढे उभी, केस मोकळे सोडलेले. मागून कुणीतरी बाई म्हणाली, "ही झिपरी कुणाची गं?" चार जणी हसल्या. मी — मीही हसले. माझी आहे असं म्हटलं नाही. हसले. माझे स्वतःचे केस तसेच आहेत, तेल थापून अंबाड्यात घट्ट आवळलेले, तुला तरी कधी कळलं का? लग्नाआधी माझ्या आईनं दाबले, नंतर मी दाबत राहिले. पण हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. ते दुखलं म्हणून मी पुढचं केलं असं नाही. पुढचं मी शांतपणे, दोन दिवस विचार करून केलं.

पार्लरमध्ये केस कायमचे सरळ करून देत. केतकी तयार नव्हती. रडली, दार आपटलं, "दे आर माईन" म्हणाली. मला कळलं की ही माझ्यासाठी ऐकणार नाही. ती कुणासाठी ऐकेल?

मी तिला सांगितलं, "डिमेलो मिसचा फोन आला होता. त्या म्हणाल्या, स्टेजवर असे केस चालणार नाहीत. फार वाईट दिसतं. सरळ करून आणा, नाहीतर केतकीला कोरसमध्ये उभं करता येणार नाही."

फोन आलाच नव्हता.

केतकी उठली. चप्पल घालून दारात उभी राहिली. पार्लरमध्ये चार तास ती खुर्चीत बसली, त्या औषधाच्या वासानं डोळ्यांतून पाणी गळत होतं. उठताना आरशात बघून तिनं मला विचारलं, "आता मिस खूश होतील?"

मी म्हणाले, हो.

तीन दिवस केस धुवायचे नव्हते, बांधायचे नव्हते, दुमडायचे नव्हते. माझी पोर तीन रात्री फळीसारखी सरळ पाठीवर झोपली. तेव्हा आपला आठवडा रविवारी सुरू व्हायचा. त्या रविवारी शाळेतून आली ती दप्तर टाकून बाथरूममध्ये गेली. मिसनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "अगो, केस कुठे गेले तुझे?" बिचाऱ्यांना धक्का बसला असणार. हिला वाटलं, आधी करायला लावलं आणि आता थट्टा करतायत. त्या आठवड्यात तिनं कोरस सोडला. गाणंच सोडलं. तू कधी ऐकलंयस तिला गाताना? गायची गं. भांडी घासताना मी नळ बंद करून ऐकायची, इतकं गायची.

आणि तेव्हा सांगता आलं असतं ना मला? एक वाक्य होतं. रोज संध्याकाळी ते तोंडाशी यायचं आणि मी विचारायची, चपाती आणखी वाढू का?

एकदा गेटवर डिमेलो मिसनी मला गाठलं. "ताई, माझं काय चुकलं काय हो? पोर माझ्याकडे बघतच नाय. मी काय बोललेय का तिला?" त्यांच्या हातात वह्यांचा गठ्ठा होता. मी तो गठ्ठा बघत म्हणाले, "वयच असतं हो असलं. मनावर घेऊ नका." त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला माझ्यावर.

पुढल्या वर्षी त्या नोकरी सोडून वसईला गेल्या. जायच्या आधी घरी आल्या. केतकी ट्यूशनला होती. पाच मिनिटं बसल्या, अर्धा कप चहा घेतला, आणि पर्समधून एक डबी काढली. पांढरी, निळ्या झाकणाची. स्वतः वापरायच्या ते केसांचं क्रीम. रबरानं चिठ्ठी लावलेली: "केतकी, कधी तुझे केस परत आणावेसे वाटले तर हे केस ओले असतानाच लाव. कोरड्यावर नको. मला तुझे केस फार आवडायचे."

त्या लिफ्टमध्ये शिरल्या. मी दोन मिनिटं दाराशी थांबले. मग चिठ्ठीसकट ती डबी घेऊन आमच्या मजल्यावरच्या कचऱ्याच्या खिडकीतून तळाशी जाणाऱ्या नळात टाकली. सहा मजले. आपटत, आपटत गेली खाली. तो आवाज मला अजून येतो. चिठ्ठी तेवढी फाडून डबी दिली असती तरी — नाही. काही नाही.

दोन वर्षांपूर्वी केतकीच्या एका जुन्या मैत्रिणीच्या आईनं मला कळवलं की डिमेलो मिस वारल्या. तेही मी घरात बोलले नाही.

आता पहिल्यांदा कुणाला सांगितलं ते ऐक. त्या दुकानानंतरच्या शनिवारी केतकी माझ्या बाथरूममध्ये बेसिनवर वाकून उभी होती, आणि मी मगानं तिच्या डोक्यावर पाणी घालत होते. केस पूर्ण भिजले पाहिजेत म्हणून. भिजले की ते कुरळे कसे जवळ येतात, लहान मुलं गोळा व्हावीत तसे. तिची मान उघडी होती. मी त्या मानेला सांगितलं. तोंडाकडे बघून सांगायची माझी हिंमत नव्हती, हेही लिहून ठेवते. फोन आला नव्हता. मी बनवलं होतं. डबी आली होती. मी टाकली.

ती वाकलेलीच राहिली. केसांतून पाणी बेसिनमध्ये टपटपत होतं. मला वाटलं ओरडेल. तिनं विचारलं — मराठीत विचारलं गं, माझ्या पोरीनं —

"म्हणजे मिसला माझे केस आवडायचे?"

मी म्हणाले, हो.

"कुठे असतात त्या आता?"

तेही सांगितलं.

तिनं नळ बंद केला. जुना टीशर्ट डोक्याला गुंडाळला आणि गाडीची किल्ली घेतली. क्रीम लावायचं राहिलं. सहा शनिवार झाले, आली नाही. फोन केला तर उचलते, "बिझी आहे" म्हणते, रागानं नाही, परक्यासारखं. ह्यांना वाटतं कामाचा ताण आहे. ह्यांना आज रात्री जेवण झाल्यावर सांगणार आहे.

तिनं मला माफ करावं म्हणून मी हे लिहीत नाहीये. तूही काही समजूत घालू नकोस माझी. पोटच्या पोरीच्या भल्यासाठी वगैरे म्हणू नकोस, मला ते ऐकायचं नाही.

नुसती ये. शनिवारी ये, शनिवारी घरात फार शांत असतं. साबुदाणा भिजवून ठेवते. बाथरूममध्ये आरशाखाली तिची ती बाटली आहे, झाकण अर्धवट उघडं आहे, तिनंच तसं ठेवलंय. हात धुताना तेवढी हलवू नकोस. लवकर ये गं.