बॉयलर रूममधले बाबा

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी आईने ओटीवर बसलेल्या आजोबांसमोर उभं राहून कपाळाला कुंकू लावलं. आजोबा म्हणजे तिचे सासरे. त्यांच्यासमोर तिने एरवी कधी मान वर केली नव्हती.

बाबा नेव्हीत होते. एकाहत्तरच्या लढाईत शत्रूच्या पाणबुडीने त्यांचं जहाज बुडवलं. घरी तार आली, बाबा आले नाहीत. दहन करायला काही नव्हतं म्हणून गावाने गवताचा पुतळा जाळला, आईच्या बांगड्या फोडल्या आणि तिला माजघरातला कोपरा नेमून दिला. ती तेव्हा पंचविशीचीही नव्हती. दोन-तीन महिने कोपऱ्यात काढून एक दिवस ती म्हणाली, मी माझ्या भावाकडे मुंबईला जाते.

"चेडवाक घेवन खंय जातलंस? हय काय उणा आसा?" आजोबा म्हणाले. चेडू म्हणजे मी. मग त्यांची नजर तिच्या कपाळाकडे गेली. "आणि ह्या काय?"

"कुंकू माका माझ्या आवशीन लायला, न्हानपणी. तुमच्या झिलान नाय." आवस म्हणजे आई, झील म्हणजे मुलगा, माझे बाबा.

काका म्हणाला, वहिनी, निदान एसटीने जा, बोटीने नको. बाबांना समुद्राने नेलं होतं ना. आई बोटीनेच निघाली. किनाऱ्यावरून छोट्या पडावातून बोटीवर चढताना मी रडत होते. ती मात्र माझा दंड धरून सरळ पाण्याकडे बघत होती. मला वाटतं, समुद्राशी तिचं भांडण नव्हतंच कधी. जे होतं ते किनाऱ्यावर.

तुम्ही जे गावात राहिलात, तुम्हाला वाटत आलं की आम्ही पळून गेलो. आणि तुम्ही जे आमच्यासारखेच निघालात, तुम्हाला ठाऊक आहे पळणं किती कठीण असतं. मुलुंडला मामाची चाळीतली एक खोली होती, त्यात आम्ही सातजणं. आई एका छोट्या फॅक्टरीत स्विच जोडायला लागली. पहिल्या आठवड्यात तिची बोटं सोलून निघाली. मामी म्हणाली, सोडून दे गं. आईने बोटांना चिंध्या बांधल्या आणि गेली. पुढे ती त्याच लाइनची सुपरवायझर झाली. मालकाला मालवणीत झापायची. त्याला कळायचं सगळं.

एकदा बाबांच्या जहाजावरून वाचलेले माने काका आम्हाला शोधत चाळीत आले. आईने विचारलं, "तो शेवटी कुठे होता?" माने काकांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बॉयलर रूममध्ये, वहिनी. ड्युटीवर. टॉर्पेडो लागला तेव्हा खालच्या कुणाला वर यायला वेळच मिळाला नाही." आई म्हणाली, "बरं झालं सांगितलंत." त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

गेल्या वर्षी गावाने शाळेसमोर बाबांच्या नावाची कमान उभारली. आम्हाला बोलावणं आलं. आई पंचाहत्तरीच्या पुढची, गुडघे गेलेले, तरी आली. कमानीवर रंगाने लिहिलं होतं की बाबा हातात तिरंगा उंच धरून जहाजासोबत बुडाले. पुढाऱ्याने भाषणातही तेच सांगितलं, आवाज चढवून. लोकांचे डोळे पाणावले. माझेसुद्धा.

आईने माइक मागितला.

"झेंडो वर असता," ती म्हणाली. "माझो घोव खाली होतो, बॉयलरकडे. त्याची ड्युटी थय होती. तेना ती केल्यान. तेवढाच लिवा."

काकाचा मुलगा, माझा चुलत भाऊ, तिच्या कानाशी वाकला. "काकी, ऱ्हवांदे. लोकांका बरा वाटता."

"लोकांका बरा वाटूचा म्हणान तो मरूक नाय."

माइक चालू होता. सगळ्या गावाने ऐकलं.

अक्षरं पुसल्याशिवाय ती कमानीखालून जायला तयार होईना. शेवटी चुलत भावानेच शिडी मागवली आणि त्या ओळीवर रंग मारला. महिन्याभराने त्याने फोटो पाठवला. आता तिथे बाबांचं नाव आहे, आणि खाली: बॉयलर रूममध्ये कर्तव्यावर असताना.

त्या दिवशी आम्ही निघताना तो म्हणाला, काकी, आता हयच ऱ्हव, घर तुझाच आसा. मनापासून म्हणाला, मला माहीत आहे. माझाही पाय अडखळला. ती ओटी, समोरचा माड, खारा वारा. पण त्या घरात आईचा कोपरा होता, आणि कोपरा म्हणजे घर नव्हे, हे मी तिच्याकडूनच शिकले. ती गाडीत जाऊन बसलीसुद्धा होती.

मुलुंडला पोचलो तर आमच्या आताच्या बिल्डिंगच्या लिफ्टपाशी तळमजल्यावरच्या शाहभाभी भेटल्या. "मावशी, गाव जाके आयी क्या?"

"गावी नाही गं," आई म्हणाली. "सासरी गेले होते. गाव माझं हेच."