पहिल्या पानावरची विहीर

काल रंगाऱ्याने हाताचा रंग काढायला रॉकेल ओतलं आणि वास नाकात गेल्याबरोबर मी धुळ्याच्या आमच्या कॉलेजात जाऊन पोचले. पत्र्याचं छप्पर तापलेलं, पंखा बंद आणि बाकावर शेजारी मंदा. तिचं लग्न उन्हाळ्यातच झालं होतं. सासरच्यांनी परीक्षेपर्यंत शिकू दिलं होतं, म्हणून ती पारोळ्याहून एसटीने यायची. त्या दिवशी तिच्या पदराला रॉकेलचा वास होता आणि मनगटावर भाजल्याचा ताजा फोड. "स्टोव्हना भडका उडना," एवढंच म्हणाली.

सर एका दिवसात मोठ्या होणाऱ्या मुलीची कथा शिकवत होते. तिची थोरली बहीण पहिल्या पानावर पाणी शेंदता शेंदता विहिरीत नुसती बघत राहते आणि शेवटच्या पानावर त्याच विहिरीत सापडते.

"याला पूर्वसूचना म्हणतात," सर म्हणाले. "परीक्षेला हमखास येतं."

मंदा उभी राहिली. एरवी वर्गात जपून, पुस्तकी बोलायची. तेव्हा मात्र घरचीच बोली तोंडात आली. "सर, घरना लोकस्ले कसं समजनं नही?"

"अगं, पात्रांना कळत नसतं. वाचकाला कळतं."

आम्ही ते वाक्य उतरवून घेतलं. मंदानेही घेतलं, फोड घासू नये म्हणून मनगट उचलून धरत.

दिवाळीच्या सुट्टीत ती जळून गेली. स्टोव्हचा भडका उडाला, असं सासरचे सांगत होते.

परीक्षेत पूर्वसूचनेवर प्रश्न आला. आम्हा सगळ्यांचं उत्तर बरोबर होतं.