ग्रॅनोलाचा वास

बायपासनंतर माझ्या सासऱ्यांची, अण्णांची, अन्नावरची वासनाच उडाली होती. हाक मारल्याशिवाय ते खोलीबाहेर येत नसत. आज सकाळी मी ओट्स, बदाम आणि भोपळ्याच्या बिया थोड्या मधात आणि दालचिनीच्या पुडीत कालवून ओव्हनमध्ये भाजायला ठेवल्या. दालचिनीचा खमंग वास घरभर पसरला आणि पाठीमागून आवाज आला, "काय भाजतेयस गं?"

"ग्रॅनोला, अण्णा. दुधातून खायचा."

"दूध कशाला? चिवड्यासारखा नुसताच दे की."

ट्रे अजून गरम होता. फुंकर घालत घालत ते ओट्यापाशी उभ्यानेच खात राहिले. औषधांनी माणूस बरा होतो खरा. पण घरात परत येतो तो बहुधा असा, वासामागून. मी आणखी एक मूठ त्यांच्या तळहातावर ठेवली.