तांदळात लिहिलेलं नाव

मंगळवारी सकाळी नऊ वाजता मी काउंटीच्या कोर्टात उभी होते. अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावाशेजारी. साडेनऊला माझं नाव बदललेलं होतं... ऑनलाइन प्रोफाइलवर ते पाहून तिथल्या स्क्रॅपबुकात 'कोण गं तू?' असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

मी नाशिकची. नाव गोदावरी. लग्नात सासूबाईंना ते जुनाट वाटलं. शिवाय अमेरिकेत ते कोणाच्या तोंडात बसणार?

नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने 'रिया' लिहिलं. अर्धं मिनिट लागलं असेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही हसले... फोटो आहे. पुढे पासपोर्ट त्याच नावाचा निघाला.

गेल्या वर्षी घटस्फोट झाला. आडनाव लगेच परत मिळालं, एका साध्या फॉर्मवर. मी क्लार्कला म्हटलं, पहिलं नावही परत हवंय. तिने चष्मा कपाळावर चढवला. "हनी, लग्नात पहिलं नाव कोण बदलतं?"

आम्ही बदलतो, मी म्हटलं.

त्यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता. म्हणजे वेगळा अर्ज, कोर्टाची फी, बोटांचे ठसे, दोन वर्तमानपत्रांत नोटीस. टीचिंग असिस्टंटच्या पगारात भाडं आणि जेवण भागतं, पुढे काही उरत नाही. आणि मे महिन्यात पीएचडीची पदवी होती... ती रियाच्या नावाने छापली गेली असती. प्रबंधाचं प्रत्येक पान मी लिहिलं होतं. रियाने नाही.

बाबांना फोन केला. "तिकीट काढून देतो, घरी ये," म्हणाले. "पण या असल्या गोष्टीला पैसे नाहीत. रिया काय वाईट नाव आहे?"

क्लार्कने फी माफीचा फॉर्म पुढे केला. त्यात शपथेवर लिहून द्यायचं होतं की घरच्यांकडून किंवा ओळखीच्या कोणाकडूनही मला पैसे मिळू शकत नाहीत. मी तो दोनदा वाचला आणि परत दिला. फॉर्म वाईट नाही, ज्यांना लागतो त्यांनी जरूर घ्यावा. पण एक नाव मला दिलं गेलं होतं. परत मिळवायचं नावही कोणी फी माफ करून द्यावं, असं मला नको होतं.

मग मी प्लाझ्मा विकला. गावात सेंटर आहे, बरेच विद्यार्थी जातात. आठवड्यातून दोनदा... दंडात सुई, मुठीत रबरी चेंडू. रक्त बाहेर जातं, त्यातलं पिवळं पाणी ते ठेवून घेतात, उरलेलं थंडगार होऊन परत अंगात येतं.

दर वेळी नर्स हाक मारायची, "रिया!" आणि मी उठायचे. रिया स्वतःच्या जाण्याचा खर्च स्वतःच भरत होती.

इथे एक काकू आहेत. काका डॉक्टर होते, आता रिटायर झालेत. एकदा जेवायला गेले असताना काकूंना माझ्या हातावरचा डाग दिसला. "अगं, एका नावापायी रक्त विकतेस? आम्ही नाही का राहिलो बदललेल्या नावाने? मेलो का त्याने?"

तरीही मंगळवारी गाडी घेऊन दारात हजर. "बसने जाशील आणि जजपुढे धापा टाकत उभी राहशील. चल."

कोर्टात आम्ही धरून सहा माणसं. जजनी कागद पाहिले, नोटिसांची कात्रणं पाहिली. मग नियमाप्रमाणे विचारलं, या नावबदलाला कोणाची हरकत आहे का?

मागे बाक करकरला. काकू उभ्या होत्या, हात वर, शाळेतल्यासारखा. मला वाटलं, सगळं इथेच अडणार.

"हरकत नाही, युअर ऑनर," काकू इंग्रजीत म्हणाल्या. "फक्त विचारायचं होतं. हिने फी भरलीच आहे, तर त्यात दोघींचं होतं का?"

जजनी कागदांवरून मान वर केली. "तुम्हालाही नाव बदलायचंय?"

"बदलायचं नाही. होतं ते हवंय. द्वारका." आणि जराशाने, "सीनियर डिस्काउंट असेल तरी चालेल."

क्लार्क आधी हसली, मग जज. तुमचा अर्ज वेगळा करावा लागेल, मॅडम, ते अदबीने म्हणाले. आणि माझ्या कागदावर सही केली.

परतताना काकूंनी सिग्नलला गाडी थांबवली. म्हणाल्या, "लग्नानंतर आज पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं गं ते नाव."

काकांना सांगून अर्ज करा ना, मी म्हटलं.

"चेकबुक ह्यांच्याकडे असतं. मागितलं तर विचारतील, कशाला? नाही म्हणणार नाहीत... पण कारण विचारतील. मला कारण द्यायचं नाहीये."

हे सगळं काकूंना विचारून लिहिते आहे. "खुशाल लिही," म्हणाल्या. "फक्त नाव माझं घाल."

काल सेंटरला गेले, कोर्टाचा कागद दाखवला. नर्सने हाक मारली. गोदावरीचे तिने चार तुकडे केले आणि एकही नीट जोडला नाही... मी उठले.

हे पैसे द्वारकाबाईंच्या अर्जासाठी आहेत. त्या नको म्हणतायत, फोन करून करून भांडतायत. भांडू देत.

तांदळात लिहायला काहीच लागलं नव्हतं. पुसायला काय लागतं, ते आता मला माहीत आहे... आणि ते माझ्या अंगात भरपूर आहे.