संदर्भ नसलेली ओळ

अमेरिकेत रेडमंडला असताना मी मराठी विकिपीडियावर स्वयंसेवक म्हणून इतरांची संपादनं तपासायचो आणि चुकीची उलटवायचो. एका खेड्याच्या पानावर कुणीतरी रोज एकच ओळ घालायचं, 'गावात शाळा काढणारे गुरुजी सोमवारी वारले.' संदर्भ नव्हता, म्हणून मी ती तीनदा काढली.

चौथ्या दिवशी ती ओळ घालणाऱ्या मुलीचा मला निरोप आला, "दादा, ते माझे वडील होते. व्हिसामुळे मला गावी जाता आलं नाही. पेपरात बातमीच आली नाही, तर संदर्भ कुठून आणू?"

मी फक्त नियमांचं पान पाठवलं.

बायकोने आमचे निरोप वाचले. "अरे, दोन शब्द सांत्वनाचे तरी लिहायचेस!"

मी लगेच माफी मागितली. उत्तर आलं नाही. कित्येक महिने मी तिचं खातं उघडून पाहत होतो. तिने पुन्हा काहीच लिहिलं नाही.