कढई कोणाची

डॉक्टर माझ्याकडे येत ते स्वतःचं पाणी घेऊन. कापडी पिशवीत फिरकीचा पितळी तांब्या असे. माजिवड्याच्या माझ्या शेडमध्ये भट्टीच्या धगीजवळ तासन् तास उभे राहत, पण माझ्या माठातला घोटही घेत नसत. मला वाटलं, आम्ही मिठागरावरची माणसं, म्हणून विटाळ मानतात. मी भडकून तोंडावर विचारलं. ते एवढे घाबरले की त्यांना ठसका लागला. "अहो म्हात्रे, तसलं काही नाही हो. मी खरेदी समितीवर, तुम्ही माल पुरवणारे. उद्या कोणी म्हणालं तर?"

'उद्या कोणी म्हणालं तर' हे त्यांचं पालुपद. राहायचे डोंबिवलीला, मुंबईला विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायचे. तिथल्या प्रयोगशाळांना तांब्याची भांडी आणि स्टँड मी बनवून देई. रीत अशी की पुरवठादारांनी आपापला भाव बंद लिफाफ्यात द्यायचा, समितीने सगळ्यांसमोर लिफाफे फोडायचे आणि सर्वांत कमी भावाला काम द्यायचं. लिफाफा फोडताना डॉक्टर तो अंगापासून असा लांब धरत, जणू आतून विंचूच निघणार. मी घासाघीस करूनच वर आलेला माणूस. पण ह्यांच्यापुढे तोंड उघडलं की ते खिडकीबाहेर बघत बसायचे, आणि खिडकीशी काय घासाघीस करणार?

माझ्या कामगारांना ते औषधाचे डॉक्टर वाटत. मिठाने पाय चिरलेला एक म्हातारा एकदा त्यांच्यापुढे बसलाच. "डाक्टर, यो पाय बघा ना जरा." आपण तसले डॉक्टर नव्हे, हे सांगायचीही त्यांना भीती. पुढच्या रविवारी मलमाची डबी घेऊन आले, आणि मग दर रविवारी मलमासाठी रांग लागू लागली.

माझ्या वडिलांच्या मिठागरात मीठ काढून घेतलं की कडू पाणी उरे. ते आम्ही खाडीत सोडून देत असू. डॉक्टरांनी ते बोटाने चाखलं आणि लहान मुलासारखे हसले. त्यातून कारखान्यांना लागणारा क्षार स्वस्तात काढता येईल, असं त्यांच्या मनाने घेतलं. सुट्टीच्या दिवशी माझ्या शेडमध्ये ते पाणी आटवायचे, निवळायचे, पुन्हा आटवायचे. कसं आटवलं की क्षार तळाला धरत नाही, ते वडिलांनी दाखवलं. मोठी तांब्याची कढई मी दिली. माझ्या घोटभर पाण्याला भिणारा माणूस ती कढई मात्र निमूट वापरत राहिला. पाणी त्यांच्या पोटात जाणार होतं. कढई शोधाच्या कामाची होती. तीही पुरवठादाराकडून घेतलेली वस्तूच, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही.

शोध साधला. आमचं तोंडी ठरलं होतं, पेटंट डॉक्टरांचं आणि कारखाना माझा. पण अर्जाला विद्यापीठाच्या मंडळाची परवानगी लागे, आणि मंडळाचा नियम होता की प्राध्यापकाचा शोध विद्यापीठाचा. स्वतःच्या साधनांनी, स्वतःच्या वेळात लावला असेल तरच त्याचा. तेवढ्यात माझ्या कमी भावापुढे दरवेळी हरणाऱ्या गिरगावातल्या एका पुरवठादाराने तक्रार ठोकली, की खरेदी समितीचा सभासद म्हात्र्याच्या शेडमध्ये पडून असतो.

भट्टी चालायची ती विद्यापीठाच्या कामावर. डॉक्टरांच्या नोकरीवर त्यांचं घर चालायचं. मी त्यांना पढवलं. "कढई भाड्याने घेतली म्हणा. भाडं दिलं म्हणा. मीही तेच सांगतो." ते मान डोलवत राहिले, आणि धोतराच्या सोग्याला तळहात पुसत राहिले.

मंडळाने आधी त्यांना आत बोलावलं. मी बाहेर बाकावर. बाजारात भल्याभल्यांना घाम फोडणारा मी, त्या दिवशी शिपाई खाकरला तरी दचकत होतो. मला आत घेतलं तेव्हा डॉक्टर टेबलाच्या टोकाला बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. इतक्या वर्षांत तो चेहरा मी तसा पाहिला नव्हता. काहीतरी भलतंच झालं होतं.

अध्यक्ष म्हणाले, "डॉक्टर सांगतात, शेड तुमची, कढई तुमची, पाणी आटवायची रीत तुमच्या वडिलांची. निम्मा शोध म्हात्र्यांचा आहे, असं त्यांचं म्हणणं. खरं का?"

जन्मभर भाव करत आलो, पण मला हवं ते कोणी न मागता टेबलावर ठेवलं ते त्या एकाच दिवशी. उचललं तर फुकट दिलेल्या कढईचा ठपका गळ्यात, नाकारलं तर निम्मा शोध गेला. मी म्हणालो, "खरं आहे."

साधनं डॉक्टरांची स्वतःची नव्हती, म्हणून पेटंट विद्यापीठाने घेतलं. डॉक्टरांची नोकरी राहिली, पण समितीवरून त्यांना काढलं. माझं नाव पुरवठादारांतून गेलं आणि निम्म्या शोधाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. त्यांच्या नियमात माझ्यासारख्याला जागाच नव्हती म्हणे.

जिन्यात मी त्यांच्यावर तुटून पडलो. तुमच्या खरेपणापायी माझी भट्टी विझली, म्हणालो. ते कठडा धरून उभे राहिले. "अहो म्हात्रे, खरेपणा कसला? खोटं बोलायचं ठरवूनच आत गेलो होतो. पण खोटं बोललो असतो तर उद्याची भीती, परवाची भीती. एवढी भीती मला झेपणार नव्हती हो."

पुढे त्यांनी विदर्भाकडच्या एका कॉलेजात नोकरी धरली आणि तिकडेच गेले. ते वारल्याचं मला फार उशिरा कळलं. पेटंटवर शोधक म्हणून त्यांचं एकट्याचं नाव आहे, आमच्या मिठागराचं नाही. ते असायला हवं होतं, असं मी आजही भेटेल त्याला सांगतो. लोक ऐकून घेतात आणि पुरावा मागतात. माझ्या बाजूने बोलणारा साक्षीदार एकच होता.