चादरीवरची वेचणी

मी शाळेत विज्ञान शिकवतो. अवघड इंग्रजी शब्द आला की पोरांना सांगतो, घाबरू नका, शब्दकोश उघडा, शब्द कुठून आला ते बघा. किती वर्षं हेच बडबडत आलोय. माझ्याच आईच्या दवाखान्याच्या कागदावर तसा शब्द आला, तेव्हा मात्र मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

दवाखान्यातून आईला सिंदीजवळच्या आमच्या गावी आणलं. निघताना डॉक्टर एवढंच म्हणाले, "घरी न्या, सेवा करा." तिची बोटं तिथेच हलायला लागली होती, घरी आल्यावर जास्तच. चादरीवरून काहीतरी चिमटीत धरायची, ओढायची आणि पोटाशी टाकायची. आमच्याकडे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. कापूस वेचताना कमरेची झोळी पोटाशीच असते, आणि आईचा जन्म वेचण्यात गेला.

शेजारची काकू बघताक्षणी ओरडली, "मास्तर, बुढी वेचून राह्यली ना! हात चालले म्हंजे उठतेच आता!"

कितीतरी दिवसांनी घरात कोणीतरी हसलं. तेवढ्यात पुण्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला.

"दादा, मी आजच निघू का? कागदावर काय लिहिलं आहे?"

"काई नाई, डॉक्टरचं इंग्रजी. तू घाई काऊन करून राह्यली? माय कापूस वेचून राह्यली. रविवारी येजो आरामात."

हंगाम वेचणीचाच होता. काकूने शेतातून फुटलेलं बोंड आणून आईच्या हातात दिलं. आईने त्याच्याकडे बघितलंही नाही. बोंड घरंगळून खाली पडलं आणि बोटं पुन्हा चादरीवर गेली. आयुष्यभर कापूस हाताळलेल्या बाईला हातातला कापूस कळत नव्हता, आणि मला त्यातलं काहीच कळलं नाही. मी बोंड उचलून खिडकीत ठेवलं.

शनिवारी दुपारी ती गेली. बहीण रविवारी आली, ठरल्याप्रमाणे. आईचे गार हात हातात घेऊन बसून राहिली.

पाहुणे पांगल्यावर मी कागद काढला आणि शब्दकोश उघडला. फ्लॉक्सिलेशन. लोकरीच्या पुंजक्याला लॅटिनमध्ये जो शब्द आहे, त्यावरून आलेला. मरणाला टेकलेला माणूस अंथरुणावरून नसलेले पुंजके वेचत राहतो, त्याला म्हणतात. युरोपातल्या जुन्या वैद्यांनाही ही खूण ठाऊक होती. त्यांनी लोकर बघितली, आम्ही कापूस. पण ते आशा सोडत होते आणि आम्ही ती धरून बसलो होतो. अर्थ पाहायला मला दोन मिनिटं लागली. स्वतःची एवढी चीड मला कधी आली नव्हती.

बहीण अजून दर रविवारी फोन करते. मध्येच विचारते, "अचानकच गेली ना रे माय? कोणाले काय माहीत होतं?"

"नाई," मी म्हणतो, "कोणालेच माहीत नव्हतं."